तोंडी हुकूम, लेखी नीती

ऑक्टोबरचा शेवट आला की सरकारी आणि निमसरकारी कचेऱ्यांतून एक विधी यथासांग पार पडतो. सरदार पटेलांची जयंती ज्या आठवड्यात येते, तो आठवडा केंद्रीय दक्षता आयोगाच्या योजनेनुसार 'दक्षता जागृती सप्ताह' म्हणून पाळला जातो. कर्मचारी एकत्र जमतात, कोणी वरिष्ठ सत्यनिष्ठेची प्रतिज्ञा वाचतो, बाकीचे तिचा पुनरुच्चार करतात आणि मंडळी आपापल्या टेबलांकडे परततात. ज्याला सभागृह गाठणे जमत नाही त्याला हीच प्रतिज्ञा संगणकावरही घेता येते. नाव-गाव भरले की प्रमाणपत्र तयार. २०२० साली केंद्र सरकारने 'मिशन कर्मयोगी' ही योजना मंजूर केल्यापासून संगणकावरील अभ्यासक्रमांचीही त्यात भर पडली आहे: चित्रफीत पाहावी, शेवटच्या प्रश्नांपुढे खुणा कराव्यात, प्रमाणपत्र घ्यावे. आणि एखाद्या शहरात पूल पडला, आग लागली, नाव बुडाली की व्याख्यानांतून, अग्रलेखांतून आणि आमच्यासारख्यांच्या दिवाणखान्यांतून एक मागणी हमखास ऐकू येते, "पालिकेच्या लोकांना नीतिमत्तेचे शिक्षण दिले पाहिजे."

या मागणीला आमचा विरोध आहे असा ग्रह कोणी करून घेऊ नये. नीती शिकवता येते, असेच आमचे मत आहे. परंतु आज ज्या गोष्टीला हे नाव दिले जाते ती पाहता, नीतीच्या नावावर एक मोठी सोय करून घेतली जात आहे, असे आम्हांला स्पष्टपणे म्हणावेसे वाटते. खोटे बोलू नये, लाच घेऊ नये, हे पालिकेच्या कारकुनाला ठाऊक असते. वरून तोंडी आलेला गैर हुकूम कसा नाकारावा, हे मात्र त्याला कोणी शिकवत नाही. आणि नाकारल्यावर आपल्या पाठीशी कोण उभे राहील, या त्याच्या प्रश्नाला कोणाकडे उत्तर नसते. ज्या प्रशिक्षणात या दोन गोष्टी नाहीत, ते प्रशिक्षण हा एक वार्षिक समारंभ आहे.

आमच्या मंडळींत या विषयावर दोन पक्ष आहेत. एक पक्ष प्रशिक्षणवाद्यांचा. तो वर आलाच. दुसरा पक्ष संस्कारवाद्यांचा. तो म्हणतो, नीती कोणी वर्गात शिकवत नाही. ती घरातून यावी लागते. मग ओघानेच आपल्या पणजोबांची आठवण निघते. पणजोबा सयाजीराव महाराजांच्या चाकरीत होते, खात्याची दौतसुद्धा त्यांनी कधी खाजगी पत्रासाठी वापरली नाही, आणि आता पाहा! बडोद्यातील जुन्या मराठी घरांपैकी ज्या घरात अशी एक तरी आख्यायिका नाही असे घर विरळा. इंदूर आणि ग्वाल्हेर येथील वाचकांच्या घरीही होळकर-शिंद्यांच्या दरबारातील असेच एखादे पणजोबा असतील. या आख्यायिका खोट्या आहेत असे आम्ही म्हणत नाही. आमचा आक्षेप त्यांतून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाला आहे.

बडोद्याचाच इतिहास पाहू. सयाजीरावांच्या आधीचा काळ मल्हारराव गायकवाडांचा. त्या कारभाराविषयीच्या तक्रारी इतक्या वाढल्या की १८७३ साली ब्रिटिश सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. नेमणुकीसाठी नजराणा द्यावा लागतो, ही त्या काळची एक मोठी तक्रार होती. ज्याने नजराणा देऊन जागा मिळवली तो तो पैसा रयतेकडूनच वसूल करणार, हे सांगायला कोणा ज्योतिषाची गरज नाही. अशा दरबारात १८७४ साली दिवाण म्हणून आले ते साक्षात दादाभाई नौरोजी. त्यांच्या सचोटीविषयी त्यांच्या शत्रूंनीही कधी शंका घेतली नसेल. संस्काराने कारभार सुधारत असता तर तो तेव्हा सुधारायला हवा होता. पण दादाभाईंना काम करू देण्यात आले नाही, आणि १८७५च्या आरंभी ते राजीनामा देऊन निघून गेले. त्याच वर्षी मल्हारराव पदच्युत झाले, बालवयीन सयाजीराव दत्तक आले आणि सर टी. माधवराव दिवाण झाले. माधवरावांनी घडी बसवली, १८८१ साली अधिकार हाती आल्यावर सयाजीरावांनी ती पुढे नेली आणि पाहता पाहता बडोद्याचे नाव सुराज्याचे उदाहरण म्हणून घेतले जाऊ लागले.

या दोन-चार वर्षांत बडोद्यातील कारकुनांचे संस्कार बदलले काय? माणसे पुष्कळशी तीच होती, घरे तीच होती, देव्हारेही तेच होते. बदलली ती व्यवस्था. कोणता अधिकार कोणाचा, हुकूम कोणी काढावा, तो कोठे नोंदवावा, हिशेब कोणी तपासावा, हे ठरले. आणि ठरल्याप्रमाणे वागणाऱ्याला वरून आधार मिळाला. १९३१ साली याच संस्थानाने राज्यकारभारातील शब्दांचा आठ भाषांतील कोश, 'सयाजीशासनशब्दकल्पतरु', छापून काढला. कोणत्या अधिकाराला कोणता शब्द, हे नक्की करण्यासाठी जे राज्य एवढे श्रम घेते, त्या राज्यात पणजोबांनी खात्याची दौत खात्यासाठीच वापरली यात पणजोबांचा मोठेपणा आहेच. पण त्या मोठेपणाला जगू देणारी भिंतही त्यांच्या मागे उभी होती. आपण पणजोबांची तसबीर जपली आणि भिंत विसरलो.

आता आजच्या बडोद्याकडे येऊ. १८ जानेवारी २०२४ या दिवशी शहरातील हरणी तलावात सहलीला आलेल्या शाळकरी मुलांची नाव उलटली. बारा मुले आणि दोन शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. नावेत तिच्या क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि सर्वांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे नव्हती. तलाव महापालिकेचा, आणि त्याचा विकास व वापर २०१७ सालच्या कंत्राटाने खाजगी हाती दिलेला. हे कंत्राट ज्या रीतीने दिले गेले, त्या रीतीवर पुढे गुजरात उच्च न्यायालयाने कडक ताशेरे ओढले. चारच महिन्यांनी, २५ मे २०२४ रोजी, राजकोटला एका खेळघराला आग लागून सत्तावीस जण गेले; त्यांतही मुले होती. त्या जागेला अग्निशमन खात्याचा ना हरकत दाखला नव्हता. बांधकाम पाडण्याची नोटीस महापालिकेने २०२३ मध्येच काढली होती. तिचा अंमल झाला नव्हता. नंतर महापालिकेच्या नगररचना आणि अग्निशमन खात्यांतील अधिकाऱ्यांना अटक झाली.

या दोन प्रसंगांत नेमके कोणते नीतिशिक्षण कमी पडले, हे आम्हांला प्रशिक्षणवाद्यांनी सांगावे. लहान मुलांना जाकिटाशिवाय भरगच्च नावेत बसवू नये, हे कळण्यासाठी कोणता अभ्यासक्रम लागतो? ज्या इमारतीला दाखला नाही तिच्यात तिकिटे लावून माणसे सोडू नयेत, हे कोणत्या प्रश्नमंजूषेनंतर उमगते? राजकोटमध्ये तर अज्ञानाची सबबही नव्हती, कारण नोटीस पालिकेनेच काढलेली होती. म्हणजे कोणाला तरी कळले होते आणि कोणी तरी ते लिहिलेही होते. त्या लिहिण्यापुढे फाईल जेथे थांबली, तेथे ती का थांबली, कोणाच्या शब्दावरून थांबली, हा खरा नीतीचा प्रश्न. आणि हाच प्रश्न शपथेत नसतो.

परदेशात असे होत नाही, तेथे प्रशिक्षण गांभीर्याने घेतात, असे सांगणारे आमचे काही मित्र आहेत. मुलांकडे अमेरिकेला जाऊन आले की त्यांची ही श्रद्धा अधिक दृढ होते. तेव्हा एक अमेरिकन उदाहरण देणे भाग आहे. कॅलिफोर्निया राज्याने २००५ साली कायदा केला, की स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मानधन घेणाऱ्या पदाधिकाऱ्यांनी दर दोन वर्षांनी दोन तास नीतिमत्तेचे प्रशिक्षण घेतलेच पाहिजे. हा कायदा अंमलात असतानाच, लॉस एंजेलिसलगतच्या बेल या चाळीस हजारांहून कमी वस्तीच्या कष्टकऱ्यांच्या शहरात, शहर व्यवस्थापक वर्षाला सुमारे आठ लाख डॉलर वेतन घेत होता आणि बहुतेक नगरसेवक सुमारे लाखभर डॉलर. २००५ मध्येच झालेल्या ज्या मतदानाने शहराला नवी सनद मिळाली आणि नगरसेवकांच्या वेतनावरील राज्याची मर्यादा सुटली, त्या मतदानाला पुरते चारशे मतदारही आले नव्हते. हे सारे २०१० साली उघडकीस आले ते 'लॉस एंजेलिस टाइम्स'च्या वार्ताहरांनी कागद मागितले आणि कायद्याने ते द्यावे लागले म्हणून. व्यवस्थापकाला पुढे बारा वर्षांची शिक्षा झाली. दोन तासांच्या वर्गाने जे अडले नाही, ते नोंदीच्या कागदाने पकडले.

हा कागदच आमच्या म्हणण्याचा गाभा आहे. आपल्याकडे केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी १९६४चे वर्तणूक नियम आहेत. त्यांच्या तिसऱ्या नियमात पूर्ण सचोटी आणि कर्तव्यनिष्ठा यांचा उच्चार आहे, तो सर्वांना पाठ असतो. त्याच नियमात पुढे सांगितले आहे, की वरिष्ठाचा आदेश सामान्यतः लेखी असावा. तोंडी आदेश टाळावेत. अपरिहार्य झालाच तर वरिष्ठाने तो लगेच लेखी कायम करावा, आणि कनिष्ठाने तशी लेखी पुष्टी मागून घ्यावी. हे नियम महापालिकेच्या नोकरांना थेट लागू नसले, तरी तत्त्व तेच आहे. माजी मंत्रिमंडळ सचिव टी. एस. आर. सुब्रमणियन आणि इतर निवृत्त अधिकाऱ्यांनी केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व उचलून धरले. तोंडी हुकुमांची नोंद झालीच पाहिजे, नोंद नसेल तर माहितीच्या अधिकाराचाही हेतू फोल ठरतो, असे सांगून न्यायालयाने केंद्राला आणि राज्यांना त्याप्रमाणे सूचना काढण्यास बजावले. या निकालाची तारीख आहे ३१ ऑक्टोबर २०१३. म्हणजे ज्या दिवसाभोवती दरवर्षी प्रतिज्ञेचा सप्ताह घातला जातो, नेमका तोच दिवस! त्या सप्ताहात प्रतिज्ञेऐवजी या निकालाची दोन पाने मोठ्याने वाचली गेली असती, तर आमची काही तक्रार नव्हती.

त्याच २०१३ साली केंद्रीय लोकसेवा आयोगाने मुख्य परीक्षेत नीतिशास्त्राची अडीचशे गुणांची पत्रिका आणली. त्या पत्रिकेभोवती शिकवणी वर्गांचा बाजार उभा राहिला. आदर्श उत्तरांच्या पुस्तिका निघाल्या. निकालाभोवती कोणताही बाजार उभा राहिला नाही, कारण त्यात उत्तर लिहायचे नव्हते, हुकूम लिहून मागायचा होता.

मग प्रशिक्षण कसे असावे? टीका करून मोकळे होणे सोपे, म्हणून आमचे म्हणणे मांडतो.

पहिली गोष्ट, ते खऱ्या फायलींवर व्हावे. बांधकामाची रजाचिठ्ठी, मिळकतीच्या वेऱ्याची आकारणी, कंत्राटदाराचे देयक, ना हरकत दाखला, अशा चार जुन्या फायली घ्याव्यात, नावे झाकावीत, आणि प्रत्येक पानाशी थांबून विचारावे: येथे तुम्ही असता तर कोणता शेरा मारला असता? 'चर्चेप्रमाणे' हा शब्द फायलीवर आला की तो कोणाशी झालेल्या कोणत्या चर्चेप्रमाणे, हे विचारण्याची सवय लावावी. सुभाषितांनी हे काम होत नाही. आणि हे सारे कर्मचाऱ्याच्या रोजच्या भाषेत व्हावे. बडोद्याच्या मुकादमाला गुजरातीत, बेळगावच्या कारकुनाला कन्नड-मराठीत. इंग्रजी पडद्यावरची नीती कोणाच्याच टेबलापर्यंत पोहोचत नाही.

दुसरी गोष्ट, वर्गात हुकूम घेणाऱ्याच्या शेजारी हुकूम देणारा बसावा. आज प्रतिज्ञा शिपाई, कारकून आणि कनिष्ठ अभियंता यांच्या तोंडून निघते. स्थायी समितीचे सभासद, कंत्राटदार आणि बडे अधिकारी यांच्या तोंडून निघणारा शब्द मात्र निराळाच असतो. पाणी वरून गढूळ येत असताना खालच्या तोटीला फडके बांधण्याचा हा उद्योग आहे.

तिसरी गोष्ट, विचारायला जागा असावी. न्यूयॉर्क शहरात हितसंबंधांच्या संघर्षावर देखरेख करणारे एक मंडळ आहे. शहराचा कोणताही नोकर त्या मंडळाला फोन करून, नाव बाहेर जाऊ न देता, विचारू शकतो, की अमुक गोष्ट केली तर ती नियमात बसेल काय? आपल्याकडे लाच मागितली गेली तर लाचलुचपत प्रतिबंधक खात्याला १०६४ या क्रमांकावर कळवता येते, आणि ती चांगलीच सोय आहे. पण तो क्रमांक पाप घडू लागल्यावरचा. "साहेबांनी या कागदावर आज संध्याकाळपर्यंत सही करायला सांगितले आहे, पाहणी तर झालेली नाही, मी काय करू?" हे विचारण्यासाठी त्या कनिष्ठ अभियंत्याच्या हाती कोणताही क्रमांक नाही. तो घरी जातो, बायकोला विचारतो, आणि ती बिचारी मुलांच्या फीची आठवण करून देते.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: नकार देणाऱ्याला संरक्षण. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे सत्येंद्र दुबे या तरुण अभियंत्याचा खून झाला. महामार्गाच्या कामातील गैरव्यवहार त्याने थेट पंतप्रधान कार्यालयाला कळवले होते. देश हळहळला, पुढे अकरा वर्षांनी, २०१४ साली, गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने संमत केला. मराठी वृत्तपत्रांनी अशा माणसासाठी 'जागल्या' हा गावगाड्यातील जुना शब्द पुन्हा वापरात आणला. परंतु हा कायदा आजतागायत अंमलात आणलेला नाही. रात्री गस्त घालणाऱ्या जागल्याला गाव निदान बलुते देत असे. आपण आपल्या जागल्याला शपथ देतो, प्रमाणपत्र देतो आणि अंधारात एकटा सोडतो. हे करणाऱ्या व्यवस्थेने नीतीचे वर्ग भरवावेत, यातील विसंगती कोणाला खटकू नये, याचेच आम्हांला नवल वाटते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो निराधार नाही. प्रत्येक हुकूम लेखी मागू लागलो तर कामे खोळंबतील. आधीच कागदांखाली दबलेली पालिका आणखी दबेल. पुराचे पाणी चढत असताना अभियंत्याने लेखी आदेशाची वाट पाहावी काय? मुळीच नाही. १९६४च्या नियमांनीही ही अडचण ओळखली आहे. म्हणूनच तातडीत तोंडी आदेश पाळावा आणि मागाहून तो लिहून घ्यावा, अशी सोय त्यांत आहे. पण आपण आपल्याच शहरांचा अनुभव आठवावा. विश्वामित्रीला पूर आला असताना दिलेल्या तोंडी हुकुमाविषयी कोणी कधी तक्रार केली आहे काय? तोंडी हुकुमाची खरी चलती असते ती निवांत काळात, बंद दाराआड, निविदेच्या आदल्या दिवशी. तेथे दोन ओळी लिहिण्याने काम खोळंबत असेल, तर ते काम खोळंबणेच बरे.

येथवर आम्ही सरकारला, पालिकेला आणि साहेबांना बोल लावला. आमच्या वाचकांनी मनातल्या मनात मानही डोलावली असेल. आता जे सांगायचे ते आमच्याच विषयी आहे. वडिलार्जित घराची वारसनोंद लवकर व्हावी म्हणून 'कोणाला तरी भेटून' काम करून घेणारे आपणच ना? मागच्या अंगणात वाढवलेल्या खोलीचा वेरा लागू नये म्हणून मोजणीला आलेल्याला चहापाणी देणारे कोण? त्या वेळी आपण नियम लेखी मागत नाही, तोंडीच पुरते. देणारा तो बिचारा आणि घेणारा तो पापी, ही आपली सोयीची वाटणी. कायद्याने मात्र ती पुसून टाकली आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातील २०१८च्या दुरुस्तीने लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. ज्याला सक्तीने द्यावी लागली, त्याने सात दिवसांच्या आत ते कळवले तरच त्याची सुटका आहे. आपल्यापैकी किती जणांनी असे कळवले?

आपण या प्रांतांत आलो ते बहुधा कारभाराच्या निमित्ताने. लेखणी हे आपल्या घराण्यांचे हत्यार होते आणि तिच्यावरच आपली इभ्रत उभी राहिली. त्या इभ्रतीचे आज आपल्याकडे काय उरले असेल तर ते एवढेच, की लिहून मागण्याची लाज आपल्याला वाटू नये. पालिकेच्या खिडकीवर नकार मिळाला तर तो लेखी मागावा. होकार मिळाला तर तोही कोणत्या नियमाखाली, हे लेखी मागावे. मोहल्ल्यातील उद्यान, तलाव वा सभागृह कंत्राटाने दिले गेले, तर त्या कंत्राटाची प्रत माहितीच्या अधिकारात मागावी आणि ती वाचावी. आणि एखाद्या कनिष्ठ कर्मचाऱ्याने नियमावर बोट ठेवून आपलेच काम अडवले, तर त्याच्या साहेबाकडे धाव घेण्याआधी क्षणभर थांबावे. नकार देण्याचे शिक्षण आपण ज्याला द्यावे म्हणतो, तो कदाचित तोच माणूस असेल, आणि त्याने दिलेला तो पहिलाच नकार असेल.

हरणीच्या तलावावर त्या दिवशी असा एक माणूस हवा होता. जाकिटे मोजून "नाव सुटणार नाही" म्हणणारा. तो तेथे नसावा याची तजवीज कितीतरी आधी, कोणाच्या ना कोणाच्या तोंडी शब्दाने होऊन गेलेली असते. तो शब्द कागदावर यावा, एवढीच आमची मागणी आहे.